यादी आधी, कादंबरी नंतर : अमेरिकेतील कुमारवाचनाच्या शिफारशींचा इतिहास

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली कादंबरी हा आज अमेरिकन प्रकाशनव्यवसायाचा एक भरभक्कम विभाग आहे. ‘यंग ॲडल्ट’ या नावाने ओळखला जाणारा हा वाचकवर्ग साधारणतः बारा ते अठरा वर्षांचा मानला जातो आणि त्याच्यासाठी रहस्यकथा, विज्ञानकादंबरी, प्रेमकथा, ऐतिहासिक कादंबरी अशा प्रत्येक प्रकारात दरवर्षी नवी पुस्तके निघत असतात. लेखकाने लिहावे, प्रकाशकाने छापावे आणि त्यांतली बरी पुस्तके शिक्षकांनी व ग्रंथपालांनी विद्यार्थ्यांना सुचवावीत, असा या व्यवहाराचा क्रम वरवर पाहता वाटतो. परंतु प्रत्यक्षात तो बराचसा उलट घडला. विद्यार्थ्यांना पुस्तके सुचवण्याची यंत्रणा, म्हणजे छापील याद्या, ग्रंथालयातील स्वतंत्र खोल्या आणि वर्गावर्गांत जाऊन पुस्तकांविषयी बोलणारे ग्रंथपाल, ही १९२० ते १९४० या दोन दशकांत उभी राहिली, तेव्हा सुचवण्याजोगी कुमार कादंबरी जवळजवळ अस्तित्वातच नव्हती. यादी आधी झाली आणि त्या यादीला पुरेल एवढे वाङ्मय पुढच्या पिढीत निर्माण झाले, त्यामुळे या वाङ्मयप्रकाराच्या जडणघडणीत लेखकाइतकाच वाटा यादी करणाऱ्याचा आहे.

या यंत्रणेच्या मुळाशी प्रारंभी आवडीपेक्षा धास्ती अधिक होती. १८६० मध्ये बीडल या प्रकाशनसंस्थेने दहा सेंटांत मिळणाऱ्या साहसकादंबऱ्यांची माला काढली आणि अशा स्वस्त पुस्तकांना ‘डाइम नॉव्हेल’ हे नाव पडले, कारण दहा सेंटांच्या नाण्याला ‘डाइम’ म्हणतात. सरहद्दीवरील लढाया, दरोडेखोर आणि पुढे गुप्त पोलीस यांच्या या कथा शाळकरी मुले आणि कारखान्यांतील पोरगेले कामगार वाचत असत. अश्लीलतेविरुद्ध मोहीम उघडलेल्या अँथनी कॉमस्टॉक यांनी १८८३ मध्ये ‘ट्रॅप्स फॉर द यंग’ हे पुस्तक लिहून अशा वाचनाला सरळ सापळाच ठरवले. आणि दोनच वर्षांनी कॉन्कर्ड येथील सार्वजनिक ग्रंथालयाने मार्क ट्वेन यांची ‘हकलबेरी फिन’ संग्रहातून वगळली, यावरून या धास्तीच्या कचाट्यात कोणकोणते ग्रंथ सापडू शकत होते हे दिसते. याच सुमारास हार्टफर्डच्या ग्रंथपाल कॅरोलाइन ह्यूइन्स यांनी दुसरा मार्ग धरला. मुलांना चांगल्या वाचनाची गोडी लागावी म्हणून आपण काय करता, असा प्रश्न त्यांनी १८८२ मध्ये देशातील पंचवीस ग्रंथालयांना पत्राने विचारला आणि त्याच वर्षी पालक व मुले यांच्यासाठी निवडक पुस्तकांची सूची प्रसिद्ध केली. वाईट पुस्तक हातातून काढून घेण्यापेक्षा चांगले हातात देणे अधिक फलदायी, ही ग्रंथालयीन व्यवसायाची भूमिका तेथून सुरू होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

शाळांत निराळी यादी चालू होती आणि तिचा उगम विद्यापीठाच्या दारात होता. हार्वर्डने १८७० च्या दशकात प्रवेशपरीक्षेतील निबंधासाठी विशिष्ट ग्रंथ नेमण्यास प्रारंभ केला. त्यांत शेक्सपिअरची नाटके, गोल्डस्मिथची ‘द व्हिकर ऑफ वेकफील्ड’ आणि स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’ असे ग्रंथ होते. इतर महाविद्यालयांनीही आपापल्या याद्या केल्या, मग त्यांत एकवाक्यता आणण्यासाठी परिषदा भरल्या आणि परिणामी देशभरातील माध्यमिक शाळांत तेच ते दहापंधरा ग्रंथ शिकवले जाऊ लागले. महाविद्यालयात कधीच न जाणाऱ्या बहुसंख्य मुलांनाही त्याच ग्रंथांचा रतीब घातला जाई. या सक्तीला कंटाळलेल्या इंग्रजीच्या शिक्षकांनी १९११ मध्ये शिकागो येथे आपली राष्ट्रीय परिषद स्थापन केली आणि ‘घरी वाचण्याची पुस्तके’ या सदराखाली स्वतःच्या सूची काढण्यास सुरुवात केली. म्हणजे शिक्षकांची शिफारसयादी ही मुळात परीक्षेच्या यादीविरुद्धचे बंड होते. पुढे तिलाही कित्येक ठिकाणी परीक्षेचेच रूप आले, हा भाग वेगळा.

दरम्यान वाचकवर्गच बदलत होता. १८९० मध्ये अमेरिकेतील सार्वजनिक माध्यमिक शाळांत सुमारे दोन लाख विद्यार्थी होते, तर १९३० पर्यंत ही संख्या चव्वेचाळीस लाखांच्या घरात गेली. मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ मध्ये ‘ॲडोलेसन्स’ हा द्विखंडात्मक ग्रंथ लिहून पौगंडावस्था, म्हणजे बालपण सरल्यावर आणि प्रौढपण येण्यापूर्वी येणारा काळ, ही आयुष्यातील एक स्वतंत्र अवस्था असल्याचे प्रतिपादन केले होते. परंतु ती अवस्था समाजाला डोळ्यांनी दिसू लागली ती या भरलेल्या शाळांमुळे. आधीच्या पिढीत चौदाव्या वर्षी शेतावर किंवा गिरणीत गेलेला मुलगा आता अठरा वर्षांपर्यंत वर्गात बसू लागला होता, आणि १९२९ नंतरच्या मंदीने रोजगारच नाहीसा केल्यामुळे तो तेथेच राहिला.

हा वर्ग काय वाचत होता, याचे उत्तर ग्रंथपालांना फारसे मानवणारे नव्हते. एडवर्ड स्ट्रॅटमायर या लेखक-व्यापाऱ्याने कथानकाचा आराखडा स्वतः करायचा, भाडोत्री लेखकाकडून ठरावीक मोबदल्यात पुस्तक लिहून घ्यायचे आणि कल्पित लेखकाच्या नावावर ते खपवायचे, असा कारखानाच विसाव्या शतकाच्या आरंभी उघडला होता. ‘टॉम स्विफ्ट’, ‘हार्डी बॉइज’ (१९२७) आणि ‘नॅन्सी ड्रू’ (१९३०) या माला तेथूनच निघाल्या. त्यांच्या मुखपृष्ठांवर झळकणारे फ्रँकलिन डिक्सन आणि कॅरोलिन कीन हे लेखक कधी जन्मलेच नाहीत. बालवीर संघटनेचे ग्रंथपाल फ्रँकलिन मॅथ्यूज यांनी १९१४ मध्ये अशा मालांवर एक जळजळीत लेख लिहिला. त्याच्या शीर्षकाचा आशयच असा होता की ही पुस्तके म्हणजे मुलांच्या मेंदूच्या ठिकऱ्या उडवणारी दारू आहे. मॅथ्यूज नुसते लिहून थांबले नाहीत. त्यांनी बालवीरांसाठी निवडक पुस्तकांची स्वस्त माला प्रकाशकाकडून काढवून घेतली. तरीही १९२६ मध्ये विनेटका येथील शिक्षणतज्ज्ञांनी चौतीस शहरांतील छत्तीस हजारांहून अधिक मुलांना त्यांच्या आवडीची पुस्तके विचारली, तेव्हा स्ट्रॅटमायरचा पगडा स्पष्ट दिसून आला. मुलांच्या पसंतीवर आधारलेली ही सूची प्रसिद्ध होताच ग्रंथपालांनी तिच्यावर टीकेची झोड उठवली. मुलांना आवडते ते सुचवावे की मुलांना आवडायला हवे ते सुचवावे, हा वाद तेव्हापासून या व्यवसायाच्या पाचवीला पुजलेला आहे.

त्या वादातून वाट काढणारे काम ग्रंथालयांच्या एका कोपऱ्यात चालू झाले. क्लीव्हलँडच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९२५ मध्ये रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या नावाने कुमारांसाठी स्वतंत्र खोली उघडली आणि जीन रूस यांनी ती नावारूपास आणली. न्यू यॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात बालविभागाच्या प्रमुख ॲन कॅरोल मूर यांनी १९१६ मध्ये मेबल विल्यम्स यांची नेमणूक केली होती. शाळांशी संबंध ठेवणे हे त्यांचे काम होते आणि ते करताना त्यांच्या लक्षात आले की, बालविभागातून बाहेर पडलेले मूल प्रौढांच्या दालनात पोहोचण्याआधीच ग्रंथालयाला कायमचा रामराम ठोकते. १९२९ मध्ये त्यांनी तरुण वाचकांसाठी सूची प्रसिद्ध केली. ती पुढे ‘बुक्स फॉर द टीन एज’ या नावाने सुमारे ऐंशी वर्षे दरसाल निघत राहिली. या सूचीत मुद्दाम कुमारांसाठी लिहिलेली पुस्तके थोडी आणि प्रौढांसाठीची अधिक होती, कारण दुसरा इलाजच नव्हता. ध्रुवप्रदेशांतील सफरी, चरित्रे, समुद्रकथा, रहस्यकथा यांच्या ढिगाऱ्यातून पंधरा वर्षांच्या मुलाला पेलतील आणि रमवतील अशी पुस्तके वेचणे, हेच या सूचीकारांचे खरे कसब होते. निकष परीक्षेचा नव्हता. आधीच्या वर्षी ग्रंथालयाच्या खिडकीशी आलेल्या मुलांनी काय पुन्हा पुन्हा मागितले, याला त्यात वजन होते.

अमेरिकन ग्रंथालयांच्या या पद्धतींचा एक धागा त्याआधीच मराठी राज्यकर्त्याच्या संस्थानात पोहोचला होता, हे येथे नोंदवणे अप्रस्तुत होणार नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास पाचारण करून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणण्याचे काम त्यांच्यावर सोपवले, आणि तेथून पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेड्यापाड्यांत जाऊ लागल्या. बॉर्डन तीन वर्षांनी परतले. कुमारवाचकांसाठी खास विभाग ही कल्पना मात्र त्या वेळी खुद्द अमेरिकेतही रुजायची होती.

या इतिहासात सर्वांत ठसठशीत व्यक्तिमत्त्व मार्गारेट एडवर्ड्स यांचे आहे. टेक्ससमध्ये जन्मलेल्या, लॅटिन आणि इंग्रजीच्या शिक्षिका म्हणून काम केलेल्या एडवर्ड्स १९३२ मध्ये बाल्टिमोरच्या इनॉक प्रॅट ग्रंथालयात दाखल झाल्या, तेव्हा त्यांच्या वाट्याला कुमारांसाठी बाजूला काढलेला एक लहानसा संग्रह आला होता. १९६२ मध्ये त्या निवृत्त झाल्या तोवर कुमारवाचनसेवेचे प्रशिक्षण म्हणजे काय, याचा वस्तुपाठ त्यांनी घालून दिला होता. त्यांच्या हाताखाली येणाऱ्या नव्या साहाय्यकाला ठरवून दिलेली तीनशे पुस्तके वाचावी लागत. एका वेळी दहा पुस्तके वाचून यायची आणि एडवर्ड्स यांच्यासमोर बसून त्यांविषयी बोलायचे. त्या परीक्षकाच्या आविर्भावात प्रश्न विचारत नसत, तर एखाद्या सोळा वर्षांच्या मुलाला हे पुस्तक कसे द्याल, एवढाच त्यांचा रोख असे. वाङ्मयीन मर्म उलगडून सांगणारा परंतु पुस्तक कोणाच्या हाती द्यावे हे न उमगलेला साहाय्यक त्यांच्या लेखी निकामी होता. तीनशे पुस्तकांची ही अट कठोर वाटते खरी, परंतु न वाचलेल्या पुस्तकाची शिफारस ही केवळ जाहिरात असते हे ज्याला मान्य आहे, त्याला ती जाचक म्हणता येणार नाही.

एडवर्ड्स यांचे दुसरे हत्यार ‘बुक-टॉक’ हे होते. ग्रंथपालाने शाळेत जावे, वर्गासमोर उभे राहावे आणि काही मिनिटांत एका पुस्तकाविषयी असे बोलावे की तास संपताच मुलांनी ते मागावे, असा हा प्रकार. तो परीक्षणाहून वेगळा आहे, कारण त्यात गुणदोषांची चर्चा नसते. आणि कथाकथनाहूनही वेगळा आहे, कारण शेवट सांगायचा नसतो. बोलणे आधी लिहून काढावे, तोंडपाठ करावे, हातवारे आणि नाटकीपणा टाळावा आणि पुस्तकालाच बोलू द्यावे, अशी त्यांची शिस्त होती. एकाच भेटीत वेगवेगळ्या प्रकारची पुस्तके घ्यावीत, म्हणजे मोटारींच्या शर्यतीत रमणारा मुलगा आणि चरित्रे वाचणारी मुलगी या दोघांनाही आपल्यासाठी काही तरी आहे असे वाटते, यावर त्यांचा भर होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी घोडागाडी भाड्याने घेतली, तिच्यात पुस्तके भरली आणि ज्या वस्त्यांतील मुले ग्रंथालयाची पायरी कधी चढत नसत त्या वस्त्यांच्या गल्ल्यांतून ती फिरवली. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द फेअर गार्डन अँड द स्वॉर्म ऑफ बीस्ट्स’ या पुस्तकात त्यांनी हे सारे अनुभव मांडले. त्या पुस्तकातील परखडपणा आजही वाचनीय आहे. पोरांच्या गलक्याने आपल्या सुंदर उद्यानाची नासधूस होईल म्हणून कपाळाला आठ्या घालणाऱ्या ग्रंथपालांचा समाचार त्यांनी त्यात घेतला आहे.

विविध प्रकारांतील पुस्तके एकत्र सुचवण्यामागे केवळ आवडीनिवडींचा विचार नव्हता. त्यामागे एक सिद्धान्तही होता. वाचकाला तो आहे त्या पायरीवर गाठावे आणि तेथून एकेक पायरी वर न्यावे, या कल्पनेला ‘वाचनाची शिडी’ असे म्हणत. हॉट-रॉड मोटारींवरील कादंबरीतून सुरुवात करणारा मुलगा पुढे वैमानिकांच्या आठवणींकडे आणि तेथून सँ-तेक्झ्युपेरी या फ्रेंच वैमानिक-लेखकाकडे वळेल, अशी अपेक्षा असे. ही अपेक्षा पुष्कळदा भाबडी ठरली, कारण कित्येक वाचक पहिल्याच पायरीवर सुखाने बसून राहत. परंतु शिडीला खालच्या पायऱ्या हव्यात ही गरज प्रकाशकांनी बरोबर हेरली, आणि येथून यादी वाङ्मयाला जन्म देऊ लागली. मॉरीन डेली यांची ‘सेव्हन्टीन्थ समर’ ही १९४२ ची कादंबरी प्रौढांसाठी म्हणून निघाली होती. ग्रंथपालांनी ती मुलींच्या हाती दिली आणि पाहता पाहता प्रेमकथांचे एक दालनच तयार झाले. परिचारिकेच्या जीवनावरील ‘सू बार्टन’ मालेसारख्या व्यवसायकथा आणि जॉन ट्यूनिस यांच्या क्रीडाकथा आधीपासून होत्याच.

विज्ञानकादंबरीचा इतिहास तर अधिकच बोलका आहे. रॉबर्ट हाइनलाइन यांनी १९४७ पासून स्क्रिब्नर या प्रकाशनसंस्थेसाठी कुमारांकरिता बारा कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांचा मुख्य ग्राहक शाळा व सार्वजनिक ग्रंथालये हाच असल्यामुळे संपादिका ॲलिस डाल्ग्लीश या ग्रंथपालांच्या नजरेतून हस्तलिखित तपासत. ‘रेड प्लॅनेट’मधील मुलांच्या हातातील बंदुकांवरून दोघांत जुंपली, तीही याच कारणाने. यादीत येण्याची अट लेखकाच्या टेबलापर्यंत पोहोचली होती. आणि आंद्रे नॉर्टन या नावाने ‘स्टार मॅन्स सन’ (१९५२) आणि पुढे असंख्य अंतराळकथा लिहिणाऱ्या ॲलिस नॉर्टन या स्वतःच क्लीव्हलँडच्या ग्रंथालयात अनेक वर्षे ग्रंथपाल होत्या. मुलगे काय मागतात हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते.

याद्यांना एक मोठे भगदाड होते. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयातील शार्लेमे रोलिन्स यांनी १९४१ मध्ये शिक्षकपरिषदेमार्फत ‘वी बिल्ड टुगेदर’ ही सूची प्रसिद्ध केली. कृष्णवर्णीय माणसांचे विडंबन न करता त्यांना माणूस म्हणून दाखवणारी पुस्तके तीत निवडली होती आणि निवडीचे निकषही स्पष्ट दिले होते: बोलीचा वापर हास्यास्पद असू नये, चित्रांत व्यंग नसावे. हे निकष लावल्यावर हाती लागलेली पुस्तके फारच थोडी होती. चोवीस वर्षांनी, १९६५ मध्ये, नॅन्सी लॅरिक यांनी तीन वर्षांत प्रसिद्ध झालेली ५,२०६ पुस्तके तपासली, तेव्हा त्यांपैकी फक्त ६.७ टक्के पुस्तकांत एखादे तरी कृष्णवर्णीय पात्र आढळले. पुस्तकेच नसतील तर यादी काय करणार, असा युक्तिवाद यावर केला जाई; परंतु इतर प्रकारांत यादीच्या मागणीने पुस्तके निर्माण केली होती हे पाहता तो लंगडा ठरतो.

कुमार कादंबरीच्या दृष्टीने १९६७ हे वर्ष महत्त्वाचे ठरते. ओक्लाहोमातील टल्सा येथील एस. ई. हिंटन या अठरा वर्षांच्या मुलीची ‘द आउटसायडर्स’ ही कादंबरी त्या वर्षी प्रसिद्ध झाली. मुलांच्या टोळ्यांवरील पुस्तक मुलीने लिहिले हे परीक्षकांना रुचणार नाही म्हणून नावाची आद्याक्षरेच छापली गेली. तिचा प्रसार शिक्षक आणि ग्रंथपाल यांनीच केला, कारण एरवी पुस्तकाला हात न लावणारी मुले ती मागून घेत होती. त्यानंतरच्या दशकात पॉल झिंडेल, रॉबर्ट कॉर्मियर, जूडी ब्लूम यांच्या पुस्तकांनी मृत्यू, गुंडगिरी, शरीरसंबंध हे विषय कुमार कादंबरीत आणले. कॉर्मियर यांची ‘द चॉकलेट वॉर’ (१९७४) मुळात प्रौढांसाठी लिहिली जात होती आणि ती कुमारांची कादंबरी आहे हे लेखकाला त्याच्या प्रतिनिधीने सुचवले, ही गोष्ट वर्गीकरणाची सत्ता किती वाढली होती हे दाखवते. याला संस्थांचीही जोड मिळाली. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने कुमारसेवेचा स्वतंत्र विभाग १९५७ मध्येच केला होता, मार्गारेट एडवर्ड्स यांच्या नावाचा पुरस्कार १९८८ मध्ये प्रथम हिंटन यांनाच मिळाला, आणि कॅन्ससमधील शालेय ग्रंथपाल मायकेल प्रिंट्झ यांच्या स्मरणार्थ ठेवलेला पुरस्कार २००० मध्ये वॉल्टर डीन मायर्स यांच्या ‘मॉन्स्टर’ला लाभला.

यादीची सत्ता वाढली तशी तिला उत्तर देणारी दुसरी यादीही आली. न्यू यॉर्क राज्यातील आयलंड ट्रीज शाळामंडळाच्या काही सभासदांना १९७५ मध्ये पालकांच्या एका संघटनेच्या परिषदेत आक्षेपार्ह पुस्तकांची टिपणी मिळाली, आणि तिच्या आधारे मंडळाने पुढच्या वर्षी आपल्या शाळांच्या ग्रंथालयांतून नऊ पुस्तके काढून टाकली. त्यांत कर्ट व्हॉनगट यांची ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’ आणि लँग्स्टन ह्यूज यांनी संपादित केलेला कृष्णवर्णीय लेखकांचा कथासंग्रह होता. या वेळी मात्र दावा दाखल करणारे ना ग्रंथपाल होते ना शिक्षक. स्टीव्हन पिको आणि त्याचे सहविद्यार्थी न्यायालयात गेले. आजवर ज्यांच्यासाठी निवडले जात होते त्यांनी निवडीच्या अधिकारालाच हरकत घेतली. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला; मात्र कारणमीमांसेवर पाचही न्यायमूर्तींचे एकमत होऊ शकले नाही. न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या मताचा आशय असा होता की, पुस्तकातील विचार पटत नाहीत एवढ्याच कारणाने मंडळाला ते शाळेच्या कपाटातून काढता येणार नाही. मुळात कोणते पुस्तक विकत घ्यावे, हा प्रश्न त्यांनी विचारात घेतला नाही.